मरळीचा घोळ

भाचा फिनलंडात नोकरीला आहे. गेल्या मे महिन्यात, अकोल्याचा पारा 45 अंशांशी झोंबत होता तेव्हा त्यानं एक फोटो पाठवला. अंगात जाड जॅकेट, मागं राखाडी तळं, आणि दोन्ही हातांवर आडवा धरलेला लांबोडका मासा. हिरवट अंग, त्यावर फिके ठिपके, बदकाच्या चोचीसारखा चपटा जबडा आणि त्यात दाभणासारखे दात. खाली लिहिलं होतं, ‘पाइक. इकडे याला हाउकी म्हणतात.’

तो फोटो मी पूर्णेकाठच्या एका म्हाताऱ्या भोयाला दाखवला. लहानपणापासून मी त्यांना मामा म्हणतो. त्यांनी मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरला, मान तिरपी केली आणि विचारलं, “हे कोन्त्या गावची मरळ व्हय, बाप्पा?”

प्राणिशास्त्राचा प्राध्यापक हसला असता. पाइक आणि मरळ यांचा दूरचाही नातेसंबंध नाही. पण मामांनी मासा ओळखला होता तो धंद्यावरून. दोघांचं काम एकच. पाणवनस्पतींच्या आडोशाला काठीसारखं निश्चल पडून राहायचं, डोळा वर लावायचा, आणि टप्प्यात आलेल्यावर बाणासारखं सुटायचं. पाठलाग नाही. एकदाच झेप, लागली तर लागली. उत्तर गोलार्धातल्या थंड तळ्यांत हे काम पाइक करतो; आमच्याकडे, जिथं उन्हाळ्यात तळ्याचा तळ भेगाळतो, तिथं मरळ करते.

फरक एवढाच की पाइकाला ग्रंथ मिळाले. फिनिश महाकाव्य ‘कालेवाला’त एका महाकाय पाइकाच्या जबड्यापासून नायक वाद्य तयार करतो. इंग्लंडात आयझॅक वॉल्टननं 1653 साली ‘द कम्प्लीट अँगलर’ लिहिलं, त्यात पाइकाला स्वतंत्र प्रकरण आहे. मरळीला काय मिळालं? कालवणात तिखट. ही तक्रार घेऊन मी गेली बरीच वर्षं ग्रंथालयांच्या कपाटांशी झटतो आहे. घरच्यांच्या मते हे वेड आहे.

आपल्याकडे गळावर ग्रंथ नाहीत असं मात्र नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्याच्या राज्यात आजच्या महाराष्ट्राचा मोठा तुकडा होता, त्याच्या नावावरचा ‘मानसोल्लास’ साधारण 1131 सालचा. दळण-कांडण करताना महाराष्ट्रातल्या बाया ओव्या गातात ही जुनी नोंद त्यातली म्हणून आपल्याला तो माहीत असतो. पण त्यातच ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरण आहे, आणि ते चक्क गळानं मासे धरण्याबद्दलचं आहे. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते. कोणाला काय चारून काठाशी सवयीचं करायचं. काठी, दोर, गळ, आमिष. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत गजानन श्रीगोंदेकरांनी ही पोथी छापून काढली, आणि पुढे मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरांनी 1951 साली या प्रकरणावर लेख लिहून कोणता मासा कोणता हे ताडण्याचा प्रयत्न केला. इंग्रजीत गळावरची पहिली छापील पुस्तिका 1496 ची, म्हणजे सोमेश्वरानंतर साडेतीनशे वर्षांनी. हे आकडे मी लग्नकार्यात लोकांना ऐकवतो. लोक पंगतीकडे पाहतात.

सोमेश्वराचं प्रकरण वाचून मात्र माझी थोडी निराशाच झाली. राजाची मासेमारी ती. आधी नोकरांनी रोज चारा टाकून मासे माणसाळवायचे आणि मग महाराजांनी येऊन काठी धरायची. भोयाच्या हातात जे कसब असतं त्याचा त्यात वास नाही. तो मला सापडला भलत्याच ठिकाणी, एका गोऱ्या लष्करी अधिकाऱ्याच्या माशांच्या यादीत.

विल्यम हेन्री साइक्स. जन्म 1790. मुंबई फौजेतला माणूस. 1824 साली मुंबई सरकारनं त्याला दख्खनचा सांख्यिकी अहवाल करण्याच्या कामाला लावलं. खेडी मोजा, बैल मोजा, नांगर मोजा, पाऊस मोजा. हा गडी त्याच्या पुढे गेला. पक्षी मोजले, फळं नोंदली, हवेचा दाब टिपला. वऱ्हाडच्या पडीक रानात तुरा उभारून पळणारा जो तांबूस चंडोल दिसतो तो त्याच्याच नावानं ओळखला जातो. 1831 साली तो विलायतेला परतला, पुढे कंपनीचा संचालक झाला, अ‍ॅबर्डीनचा खासदार झाला. आणि 1838 साली लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे त्यानं एक निबंध वाचला: ‘दख्खनचे मासे’. तो चित्रांसह सविस्तर छापून आला 1841 साली.

तो निबंध पहिल्यांदा उघडला त्या दिवशी मी मोठ्यानं हसलो होतो. लॅटिन नावांची यादी, आणि तिच्यात जागोजाग आपली माणसं बसलेली. ‘कोलुस’ म्हणजे कोळशी. ‘सीन्गती’ म्हणजे शिंगटी. ‘फुलुंगी’. ‘सँडखोल’. ‘खुद्री’, जो दख्खनचा महसीर, आजही जगभर ‘टॉर खुद्री’ याच नावानं ओळखला जातो. आणि माझा लाडका ‘नुक्ता’. या माशाच्या नाकाडावर आडवी खाच असते, जणू कुणी नाक कापलं. हा आपला ‘नकटा’ असणार याबद्दल माझ्या मनात तरी शंका नाही. विचार करा, भीमेच्या काठी कुणा भोयानं किंवा कोळ्यानं जाळ्यातला मासा वर उचलून ‘हा नकटा’ म्हटलं असेल, आणि ते उद्या ऑक्सफर्डपासून टोकियोपर्यंतच्या संग्रहालयांतल्या बरण्यांवर चिकटेल हे त्याच्या स्वप्नातही नसेल. निबंधावर नाव साइक्सचं आहे. सांगणाऱ्यांचं एकाचंही नाही.

मग मी अधाशासारखा मरळ शोधली. ती होती. पण तिच्यापाशी येऊन साइक्सला काय झालं कोण जाणे! शिंगटीला शिंगटी म्हणणारा, नकट्याला नकटा म्हणणारा हा माणूस मरळीपाशी एकदम पंडित झाला आणि तिला त्यानं ‘ओफिसेफालस ल्यूकोपंक्टेटस’ असं नाव दिलं. अर्थ, पांढऱ्या ठिपक्यांचा सापडोक्या. इतक्या सरळ, तीन अक्षरी घसरगुंडीसारख्या शब्दाला डावलून हे!

शास्त्राच्या दरबारात त्याला याची शिक्षा मिळाली. नियम असा की ज्यानं आधी छापलं त्याचं नाव चालतं. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरानं गंगेच्या माशांवरचं पुस्तक 1822 सालीच काढलेलं होतं, आणि ठिपक्यांची ही मोठी मरळ त्यात आधीच होती. साइक्सचं नाव रद्द झालं. आता ते फक्त तज्ज्ञांच्या समानार्थी नावांच्या यादीत तळाशी सापडतं. हॅमिल्टननं काय नाव दिलं होतं? ‘मारुलियस’. हा हॅमिल्टन स्थानिक नावं उचलण्यात पटाईत होता. रोहिता, कतला, म्रिगला ही सगळी त्याचीच. ‘मारुलियस’ही आपल्या मरळीच्याच गोतातला शब्द दिसतो. इंग्रजांनी पुढे तिला ‘मरेल’ म्हटलं तेही त्यातलंच. म्हणजे दख्खनचे मासे मराठी नावांनी लॅटिनात नेणाऱ्यानं जी एक मरळ गाळली, ती गंगेकडून फिरून आली. दुसरी, अंगावर पट्टे असलेली नेहमीची मरळ, ‘स्ट्रायाटा’; तिचं बारसं तर त्याआधी 1793 सालीच बर्लिनच्या मार्कुस ब्लॉख या वैद्यानं उरकलं होतं. तो हिंदुस्थानात कधी आला नाही. तरंगमबाडीच्या मिशनऱ्यांकडून त्याला मासे पोचत.

साइक्स वऱ्हाडात का आला नाही, हे विचारण्यात अर्थ नाही. तेव्हा वऱ्हाड निजामाचं; इंग्रजांच्या ताब्यात आलं 1853 साली. पूर्णेच्या खोऱ्यातल्या भोयांनी कोणाला काय म्हटलं हे ऐकायला त्या काळात कागद-पेन्सिल घेऊन कोणी बसलं नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. खारपाणपट्ट्यातल्या विहिरी मचूळ, म्हणून इथल्या माणसाचं तळ्याशी आणि डोहाशी नातं वेगळंच असतं. ते शब्दांत उतरलेलं असणार.

मामांकडून जे मिळालं ते असं. मरळ धरायची तर आधी तिचा श्वास पाहायचा. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा घेणारा एक कप्पा असतो. ठरावीक वेळानं तिला पाण्यावर येऊन हवा गिळावीच लागते. कल्ल्यांवर तिचं भागत नाही. वर येऊ दिलं नाही तर मोठी मरळ पाण्यात बुडून मरते. मासा आणि बुडून मेला, ही गोष्ट मी शाळेत सांगितली होती तेव्हा गुरुजींनी मला बाकावर उभं केलं होतं. “घुटका घ्याले येते,” मामा म्हणायचे. शेवाळाच्या खिडकीत ‘टप्’ असा आवाज होतो, एक बुडबुडा फुटतो. त्या जागेवर बेडूक सोडायचा. या हवेच्या कप्प्यामुळेच ती बाजारात घमेल्यात दिवसभर जिवंत राहते, पावसाळी रात्री ओल्या गवतातून एका डबक्यातून दुसऱ्यात सरपटत जाते, आणि वैशाखात तळं आटलं की चिखलात तग धरून बसते. मग पोरं कुदळ घेऊन निघतात.

बेडकाचं आता जमत नाही. 1987 साली बेडकांच्या पायांची निर्यात बंद झाली, मोठ्या बेडकाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि शेतातल्या फवारण्यांनी उरलेलं काम केलं आहे. धरणांवर हल्ली टोप्या घातलेली मुलं दिसतात. हातात कार्बनची काठी, दोराच्या टोकाला रबरी बेडूक. शेवाळावरून तो असा फुदकवतात की खऱ्या बेडकानं शिकवणी लावावी. मला या मुलांचं कौतुक आहे. माझा त्यांच्याशी तंटा आहे तो एकाच गोष्टीवरून.

मृग लागला, पहिलं पाणी आलं की मरळीची जोडी गवतात जागा साफ करून अंडी घालते. अंडी तरंगतात. पिल्लं निघाली की त्यांचा दाट घोळका पाण्यावर हलत राहतो, केशरी-लालसर, दुरून पाहिलं तर कुणी कुंकवाचा करंडा सांडल्यासारखा. त्याच्या खाली, हात-दीड हातावर, आई-बाप. पिल्लं हवा गिळायला एकदम वर येतात तेव्हा पाण्याला बारीक उकळी फुटल्यासारखी दिसते. या घोळक्यावर काहीही पडू द्या, बेडूक, रबर, चमचा, काठीचा तुकडा. खालून हल्ला होतो. पोट भरलेलं असलं तरी होतो. एरवी दहा वेळा हुलकावणी देणारी मरळ या पंधरा-वीस दिवसांत पहिल्या फेकीला लागते. पाहुण्यांना फोटो हवा असतो आणि हा सगळ्यात खात्रीचा फोटो.

आई-बाप गेले की घोळका उघडा पडतो. अर्ध्या तासात तिथं तिलापिया जमतात, बगळे जमतात.

दोन वर्षांपूर्वी अमरावती जिल्ह्यातल्या एका तलावावर मामांनी अशाच एका मुलाची काठी हातानं खाली दाबली होती. मुलगा चिडला. तुम्ही लोकं जाळ्यानं तळंच उपसता, मी तर धरून परत सोडतो, असं म्हणाला. त्याचंही पूर्ण चुकीचं नव्हतं. मामांनी तरुणपणी घोळक्यावर बेडूक सोडलेला मी स्वतः पाहिला आहे. घरात खाणारी नऊ तोंडं होती. पण त्या दिवशी त्यांनी वाद घातला नाही. “सोडशीन, पन तिले आपली पिल्लं घावतीन काय?” एवढंच विचारलं. मुलानं काठी उचलली आणि दुसऱ्या काठाला गेला. तिथंही एक घोळका होता.

मृगाचं आणि मरळीच्या पिल्लांचं आणखी एक नातं आहे. हैदराबादेत मृगाच्या दिवशी दम्याच्या रोग्यांना वनस्पतींचा लगदा भरलेलं मरळीचं जिवंत पिल्लू गिळायला देतात. एक कुटुंब 1845 पासून हे करत आल्याचं सांगतं. शाकाहाऱ्यांना गुळातून. गुण येतो याला वैद्यकाचा आधार नाही, तरी हजारोंची रांग लागते. वऱ्हाडातूनही लोक जातात, माझे एक मावसभाऊ तीन वर्षं गेले. दमा राहिला, हैदराबादची बिर्याणी मात्र अंगी लागली. तेलंगणानं मरळीला राज्यमासा केलं आहे. महाराष्ट्रानं 2023 मध्ये पापलेट निवडला. मुंबईच्या ताटाचं वजन जास्त, दुसरं काय!

आणि अमेरिकेत हिला पकडवॉरंट आहे. 2002 साली मेरीलँडमधल्या क्रॉफ्टन गावच्या तळ्यात हिची चिनी बहीण सापडली तर सरकारनं तळ्यात विष टाकून सगळे मासे मारले, आणि त्याच वर्षी हे सगळं कुळच जिवंत आणायला बंदी घातली. फ्लोरिडातल्या टॅमरॅक शहराच्या कालव्यांत तर 2000 साली सापडलेली मरळ ‘मारुलियस’ म्हणूनच नोंदली गेली. हॅमिल्टनच्या नावानं, साइक्सच्या नव्हे.

हे सगळं मी परवा मामांना सांगत होतो. साइक्सचं त्यांनी ऐकून घेतलं, फ्लोरिडाला “बरं” म्हणाले. मग आठवण झाल्यासारखं त्यांनी विचारलं, “अन् त्या पोराचा मासा? तो पिल्लं राखते काय?”

मी भाच्याला तिथूनच फोन लावला. त्यानं सांगितलं, बर्फ वितळला की पाइक उथळ गवतात अंडी टाकतो आणि निघून जातो. राखण वगैरे काही नाही. पुढे समोर आलं तर आपलंच पिल्लूही खातो.

मामांनी फोटो पुन्हा मागितला. बराच वेळ पाहिला आणि मोबाइल परत माझ्या हातात दिला.

“मंग मरळ न्होय ते.”