बँकेच्या जुन्या उचलीचा दावा व प्रतिवादीचें उत्तर

धाराशिव जिल्ह्यांतील तुळजापूर, कळंब, उमरगा किंवा परंडा अशा कोणत्याहि बाजारपेठेंत व्यापार करणाऱ्या मनुष्याचें बँकेशीं नातें बहुतांशीं पावसावर अवलंबून असतें. मृग साधला, तर शेतकऱ्याकडून माल येतो, आडतीवर काटा हलतो व दुकानदाराची उधारी वसूल होते. पाऊस फिरला, तर तीच उधारी वहींत पडून राहते व दुकानदारास बँकेचें दार ठोठवावें लागतें. खात्यांत शिल्लक नसतांहि ठराविक मर्यादेपर्यंत रक्कम काढण्याची जी सवलत बँक अशा वेळीं देते, तिला ओव्हरड्राफ्ट अथवा जादा उचल म्हणतात. सवलत घेतांना चार सह्या पुरतात. पुढें धंदा बसतो, खातें थंड पडतें, व्यवहार विसरला जातो. आणि कित्येक वर्षांनीं एके दिवशीं न्यायालयाचा बेलिफ समन्स घेऊन दारांत उभा राहतो.

त्या वेळीं घरांत जी धांदल उडते, तिच्यांत दोन चुका हटकून होतात. समन्स घेण्याचेंच टाळणें ही एक, आणि बँकेंत धांवत जाऊन पुढें येईल त्या कागदावर सही करणें ही दुसरी. पहिलीमुळें बोलण्याची संधि जाते, दुसरीमुळें बोलण्याजोगें कांहीं उरत नाहीं. म्हणून अशा दाव्याचें स्वरूप, त्याची मुदत व त्यास द्यावयाचें उत्तर यांचा विचार संकट येण्यापूर्वींच शांत चित्तानें करून ठेवणें इष्ट होय.

समन्स हातीं येतांच प्रथम पहावयाचें तें हें, कीं मागणी कोणापुढें झाली आहे. सर्वच येणीं एका दारानें वसूल होत नाहींत. राष्ट्रीयीकृत अथवा खाजगी बँकेचें येणें २० लाख रुपये किंवा त्याहून अधिक असल्यास तें १९९३ च्या कायद्यान्वयें स्थापन झालेल्या ऋणवसुली न्यायाधिकरणाकडे जातें; त्याहून कमी असल्यास दिवाणी न्यायालयांत दावा होतो. सहकारी बँकेची गोष्ट निराळी. सभासदाकडील तिचें येणें १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाप्रमाणें सहकारी न्यायालयांत मागितलें जातें, किंवा निबंधकाच्या वसुली दाखल्यानें वसूल केलें जातें. तेथें मुदतीचा हिशेबहि वेगळा आहे; ती सभासद मरण पावल्यापासून अगर त्याचें सभासदत्व संपल्यापासून मोजली जाते. तेव्हां सहकारी बँकेच्या सभासदानें दिवाणी दाव्यांतील मुदतीवर विसंबून स्वस्थ बसूं नये.

दिवाणी दाव्यांत समन्स बजावल्यापासून ३० दिवसांच्या आंत लेखी कैफियत दाखल करावी लागते. सबळ कारण दाखविल्यास न्यायालय ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवूं शकतें. व्यवहार व्यापारी असून रक्कम ३ लाख रुपये किंवा अधिक असेल, तर २०१५ चा वाणिज्यिक न्यायालयांचा कायदा लागू होतो. तेथें १२० दिवसांनंतर कैफियत देण्याचा हक्कच बुडतो. दावा संक्षिप्त स्वरूपाचा, म्हणजे वचनचिठ्ठीसारख्या लेखाच्या आधारें दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३७ व्या आदेशाखालीं केलेला असेल, तर घाई याहूनहि अधिक. तेथें १० दिवसांत हजेरी नोंदवावी लागते व पुढें बचाव करण्याची परवानगीच मागावी लागते. समन्सच्या मथळ्यावर हें सर्व लिहिलेलें असतें. परंतु तो मथळा वाचण्याचे श्रम फारच थोडे लोक घेतात.

कोणी हजर न झाल्यास दावा एकतर्फी चालतो व हुकूमनामा होतो. तो रद्द करून घेण्यासाठीं ३० दिवसांत अर्ज करतां येतो. समन्स रीतसर बजावलेंच गेलें नसल्यास हे दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. परंतु गैरहजेरीचें पुरेसें कारण दाखवावें लागतें, आणि बेलिफास चुकविलें हें कांहीं पुरेसें कारण नव्हे.

आतां मुख्य मुद्दा मुदतीचा. १९६३ चा मुदत कायदा १ जानेवारी १९६४ पासून अंमलांत आला. उसन्या दिलेल्या पैशाच्या दाव्यास त्यानें ३ वर्षांची मुदत घातली आहे. या नियमाचें मर्म उघड आहे. काळ लोटला म्हणजे पावत्या हरवतात, बँकेचे अधिकारी बदलतात, साक्षीदार मरतात. आणि ज्यानें खरोखर रक्कम फेडली त्यालाहि तें सिद्ध करणें अशक्य होतें. म्हणून धनकोनें आपला हक्क वेळेवर मागावा, असा दंडक आहे. या कायद्याच्या ३ ऱ्या कलमाप्रमाणें दावा मुदतीबाहेरचा असेल, तर प्रतिवादीनें तो आक्षेप घेतला नसला तरीहि न्यायालयानें तो फेटाळला पाहिजे. तथापि न्यायाधीशासमोर तारखा कोणी तरी मांडाव्या लागतातच, आणि तें काम प्रतिवादीचें.

मुदत कोणत्या दिवसापासून मोजावयाची, येथेंच बहुतेक वाद होतो. मागतांक्षणीं परत करण्याच्या करारानें दिलेल्या कर्जाची मुदत कर्ज दिल्याच्या दिवसापासूनच धांवूं लागते, मागणीच्या नोटिशीपासून नव्हे. म्हणून दहा वर्षांनंतर वकिलामार्फत नोटीस धाडल्यानें मेलेली मुदत जिवंत होत नाहीं. परंतु खातें परस्पर, खुलें व चालू असेल, म्हणजे उभय पक्षांचीं एकमेकांवर स्वतंत्र येणीं उत्पन्न होत असतील, तर शेवटची सिद्ध नोंद ज्या वर्षीं झाली त्या हिशेबी वर्षाच्या अखेरीपासून ३ वर्षें मिळतात. नुसतें बँकेनें द्यावें व खातेदारानें फेडावें, एवढ्यानें खातें परस्पर होत नाहीं. दोन्ही बाजूंस स्वतंत्र देणीं उत्पन्न झालीं पाहिजेत, असें तत्त्व सर्वोच्च न्यायालयानें १९५९ मध्यें हिंदुस्तान फॉरेस्ट कंपनीच्या खटल्यांत सांगितलें. म्हणून ज्या खात्यांत शिल्लक कधीं बँकेच्या बाजूस, तर कधीं खातेदाराच्या बाजूस झुकत होती, त्यास हा नियम लागू पडण्याचा संभव अधिक.

उदाहरणार्थ, कळंबच्या एखाद्या आडत्याच्या अशा परस्पर खात्यांत शेवटची नोंद नोव्हेंबर २०१२ मध्यें झाली असें समजूं. बँकेचें हिशेबी वर्ष ३१ मार्च २०१३ रोजीं संपलें. त्यापुढें ३ वर्षें, म्हणजे ३१ मार्च २०१६ पर्यंत दावा व्हावयास हवा होता. मध्यंतरीं दुसरें कांहीं घडलें नसेल, तर २०१८ मध्यें आलेला दावा मुदतीबाहेरचा ठरेल. बँकेनें त्यानंतरहि दर सहामाहीस व्याज लिहून खातें फुगविलें असलें, तरी तें लिहिणें म्हणजे ऋणकोनें केलेला भरणा नव्हे. अलीकडील व्यवहारांत मात्र आणखी एक वजावट ध्यानांत धरावी लागते. करोनाच्या साथीमुळें १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतींतून वगळावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें दिला होता. तसेंच घर किंवा जमीन गहाण असेल, तर त्या गहाणावरून वसूल करण्यास १२ वर्षांची मुदत आहे.

‘मध्यंतरीं दुसरें कांहीं’ म्हणजे काय, हें नीट समजून घेणें अगत्याचें आहे. मुदत संपण्यापूर्वीं ऋणकोनें सहीनिशी देणें कबूल केलें, तर त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. ‘देणें आहे, पण आज देत नाहीं’ असा नकार लिहिला, तरी ती कबुलीच ठरते. त्याचप्रमाणें मुदतींत कांहीं रक्कम भरली व त्या भरण्याची नोंद ऋणकोच्या हस्ताक्षरांत किंवा सहीनिशी असली, तरीहि मुदत नव्यानें धांवते. मुदत संपल्यावर मात्र नुसत्या कबुलीनें दावा जिवंत होत नाहीं; परंतु ‘ही रक्कम मी देईन’ असें स्पष्ट वचन लिहून दिलें, तर १८७२ च्या करार कायद्याच्या २५ व्या कलमानें तो नवा बंधनकारक करार होतो. शिल्लक मान्य असल्याचें पत्र, तडजोडीचा अर्ज, हप्ते बांधून मागण्याची विनंती हे सर्व कागद म्हणूनच जड असतात. ते देऊंच नयेत असें नव्हे. पण तारखांचा हिशेब केल्यावांचून देऊं नयेत.

मुदत शिल्लक असली, तरी बँकेस रक्कम सिद्ध करावी लागतेच. १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्यानें बँकेच्या वहीचा प्रमाणित उतारा पुराव्यांत घेतां येतो. वही संगणकावर असल्यास सोबत विहित दाखला लागतो. परंतु वहींतील नोंद ही एकटीच कोणावरहि देणें लादण्यास पुरेशी नाहीं, हें जुनें तत्त्व २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतहि कायम आहे. म्हणून खातें उघडल्यापासूनचा संपूर्ण उतारा, मंजुरीचें पत्र व करारनामा मागून घ्यावा आणि प्रत्येक आंकडा आपल्या पावत्यांशीं ताडून पहावा.

व्याजाविषयीं लोकांत एक गैरसमज रूढ आहे. मुद्दलाहून अधिक व्याज घेतां येत नाहीं, हा दामदुपटीचा नियम सावकारी व्यवहारामुळें सर्वांच्या तोंडीं बसला आहे. परंतु बँकेचा व्याजदर अवास्तव आहे एवढ्याच कारणावरून न्यायालयानें व्यवहार पुन्हां उकलूं नये, असें बँकिंग नियमन कायद्याचें २१-अ कलम सांगतें. प्रतिवादीस खरा आधार दुसरीकडे आहे. सेंट्रल बँक विरुद्ध रवींद्र या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २००१ मध्यें सांगितलें, कीं ठरलेल्या काळानें व्याज मुद्दलांत मिळवितां येतें, पण दंडव्याज मिळवितां येत नाहीं. आणि शेतीच्या कर्जावर तीमाही चक्रवाढ करतां येत नाहीं. उताऱ्यांत दंडव्याज मुद्दलांत शिरलें आहे काय, हें तपासल्यास पुष्कळदां मागणीचा आंकडा खालीं येतो.

कांहीं बचाव मात्र केवळ दिसावयास चांगले. ‘ज्या बँकेकडून घेतलें ती बँकच आतां नाहीं’ हा त्यांतला एक. निजामी राज्यांत १९४१ मध्यें स्थापन झालेली हैदराबाद स्टेट बँक १९५६ मध्यें स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली व १ एप्रिल २०१७ रोजीं भारतीय स्टेट बँकेंत विलीन झाली. तिच्या पाट्या या जिल्ह्यांतून उतरल्या, येणीं उतरलीं नाहींत. येणें एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीस विकलें असेल, तर मात्र त्या कंपनीनें हस्तांतराचा लेख दाखविला पाहिजे. जामीनदारानें ‘आधीं मूळ ऋणकोकडे जा’ म्हणून चालत नाहीं. विरुद्ध करार नसल्यास त्याची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. वारसांवरील जबाबदारी मात्र मृताकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. ९ सप्टेंबर २००५ नंतर घेतलेल्या कर्जाबद्दल, पित्याचें ऋण फेडणें हा पुत्रधर्म एवढ्याच कारणानें हिंदु मुलावर दावा चालत नाहीं.

कैफियत लिहितांना ‘सर्व मजकूर अमान्य’ असें एका ओळींत उरकूं नये. दाव्याच्या प्रत्येक परिच्छेदास स्वतंत्र उत्तर द्यावें. जें स्पष्टपणें नाकारलें नाहीं, तें मान्य केलें असें धरलें जातें. जें खरें आहे तें मान्य करावें. सही आपली असतां नाकारणारा प्रतिवादी आपल्या खऱ्या हरकतींचीहि किंमत घालवितो. वकील करण्याची ऐपत नसल्यास जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे व तालुक्याच्या समितीकडे अर्ज करतां येतो. स्त्रिया, अनुसूचित जाति-जमातींचे लोक, अपंग व अल्प उत्पन्नाचे नागरिक यांस १९८७ च्या कायद्यानें मोफत साहाय्याचा हक्क दिला आहे.

देणें खरें, मुदतींतलें व सिद्ध होण्याजोगें असेल, तर लोकअदालतींत तडजोड करणें शहाणपणाचें. तेथील निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो व त्यावर अपील नसतें. म्हणून जेवढे हप्ते खरोखर देववतील तेवढेच कबूल करावे. हुकूमनामा होऊन गेला, तरी न्यायालयाकडे हप्ते मागतां येतात. वसुलीच्या दरखास्तीस १२ वर्षांची मुदत असते, हें विसरूं नये. परंतु कारागिराचीं हत्यारें, शेतकऱ्याचीं औतें व त्याचें राहतें घर अशा वस्तूंस संहितेच्या ६० व्या कलमानें सामान्यतः जप्तींतून अभय दिलें आहे. केवळ दारिद्र्यामुळें पैसे देतां येत नाहींत म्हणून कोणास तुरुंगांत टाकतां येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८० मध्यें जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यांत स्पष्ट केलें. आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठीं स्त्रीस तर अटकच करतां येत नाहीं.

मुदतीचा बचाव घेणें हें ऋण बुडविणें नव्हे काय, अशी शंका सज्जनांच्या मनांत येते. कायद्यानें तिचें उत्तर मोठें मार्मिक दिलें आहे. मुदतीनें दावा बुडतो, देणें बुडत नाहीं. ज्यास आपलें जुनें ऋण फेडावेंसें वाटतें, त्यास तें केव्हांहि फेडतां येतें. आणि एकदां फेडल्यावर ‘मुदत संपली होती’ म्हणून परत मागतां येत नाहीं. कायदा मना करतो तो जबरदस्तीला, सचोटीला नव्हे. ज्यानें आपल्या पावत्या जपल्या, तारखा मोजल्या व बोलावलें त्या दिवशीं हजर राहिला, त्यालाच आपल्या सचोटीचा निर्णय आपण करण्याची मोकळीक राहते. इतरांच्या वतीनें तो बेलिफ करतो.