आपल्यासारख्यांशी तुलना
(लेखांक चौथा)

समाजमाध्यमांवर सातत्याने चित्रफिती टाकून मोठा अनुयायीवर्ग जमवणाऱ्या आणि त्याच्या आवडीनिवडींवर, खरेदीवर व आकांक्षांवर वजन ठेवणाऱ्या व्यक्तीला इन्फ्लुएन्सर म्हणतात. अशा व्यक्तीचा पाहणाऱ्याच्या मनावर होणारा परिणाम समजून घेताना तिच्या प्रसिद्धीपेक्षा तिचे पाहणाऱ्याशी असलेले साम्य अधिक विचारात घ्यावे लागते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या सामाजिक तुलनेच्या सिद्धांतानुसार, स्वतःची पात्रता जोखण्याचे वस्तुनिष्ठ माप हाताशी नसते तेव्हा माणूस इतरांकडे पाहून स्वतःला जोखतो, आणि त्यासाठी तो फार वेगळ्या नव्हे, तर आपल्याच बरोबरीच्या माणसांची निवड करतो.

काटोलसारख्या तालुक्याच्या गावी या सिद्धांताला विशेष अर्थ येतो. सिनेनटाचा बंगला पाहून संत्रा उत्पादकाच्या मुलाला सहसा कमीपणा वाटत नाही, कारण ते आयुष्य त्याच्या हिशेबातच नसते. परंतु त्याचीच वऱ्हाडी बोली बोलणारा, तशाच काळ्या मातीत वाढलेला समवयस्क नव्या गाडीसह मोबाइलच्या पडद्यावर दिसू लागला, की ‘याला जमले, मग मला का नाही’ हा प्रश्न टाळता येत नाही. आंबिया बहराच्या बागेची चित्रफीत घेतली, तर तीत फळांनी लगडलेली फांदी येते. पावसाळ्यातली फळगळ, बुंध्याला लागलेला डिंक्या आणि पडलेला भाव मात्र सहसा येत नाहीत. पाहणारा आपल्या बागेतले सारे नुकसान जाणून असतो आणि ते तो दुसऱ्याच्या निवडक क्षणांशी ताडून पाहतो. ही तुलना मुळातच विषम आहे, आणि घरातील वडीलधाऱ्यांनी तिला पोरकटपणा समजून उडवून लावणे चुकीचे ठरेल.

या तुलनेला आणखी धार येते ती एकतर्फी जवळिकीमुळे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्ये दूरचित्रवाणीच्या संदर्भात दाखवून दिले होते, की पडद्यावरील व्यक्ती थेट आपल्याशीच बोलत असल्याचा भास प्रेक्षकात ओळखीची भावना निर्माण करतो, जरी त्या व्यक्तीला तो प्रेक्षक ठाऊकही नसला. ‘भावांनो’ अशी रोज हाक मारणारा चेहरा म्हणूनच परका वाटत नाही, आणि त्याने सुचवलेली क्रीम किंवा गुंतवणूक घरच्या माणसाच्या सल्ल्यासारखी स्वीकारली जाते.

अर्थात परिणाम सर्वांवर सारखा होत नाही. २०२१ मध्ये उघड झालेल्या फेसबुकच्या अंतर्गत संशोधनात, आपल्या शरीराविषयी आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी इन्स्टाग्राममुळे ती भावना वाढल्याचे सांगितले होते. म्हणजे जेथे जखम आधीच आहे तेथे घाव खोल जातो, असे यावरून म्हणता येते, मात्र जखमही याच माध्यमाने केली, असे त्यावरून सिद्ध होत नाही. झोप, भूक किंवा कामातील रस सतत उणावत असेल, तर शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

पसंतीच्या आकड्यांचा खुद्द चित्रफिती तयार करणाऱ्यांच्या मनावर येणारा ताण पुढील लेखांकात पाहू.