ढगाचे भाडे

फोटो 'क्लाऊड'वर आहेत, असे मुले सांगतात आणि घरातील मोठी माणसे मान डोलावतात. क्लाऊड म्हणजे ढग. ढग म्हटला की तो कुणाच्या मालकीचा नाही आणि त्याचे काही द्यावे लागत नाही, असा समज आपोआप होतो. प्रत्यक्षात हा ढग जमिनीवरच आहे, आणि आपल्या महाराष्ट्रातही आहे. नवी मुंबईच्या ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर आहेत. आत रात्रंदिवस चालणारे संगणक आणि त्यांना थंड ठेवणारी यंत्रे असतात, वीज गेली तर चालावेत म्हणून जनरेटर असतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नईत अशी केंद्रे सुरू केली. ॲमेझॉन २०१६ साली मुंबईत आले, गुगल २०१७ साली. जागा, वीज, माणसांचे पगार, या सगळ्याचा खर्च कुणाला तरी भरावा लागतो. बरीच वर्षे कंपन्यांनी तो आपल्या खिशातून भरला, कारण त्यांना गिऱ्हाईक जोडायचे होते. गिऱ्हाईक जोडले गेले. आता भाडे मागितले जात आहे.

वाशीम असो, कारंजा असो की मंगरूळपीर, आज घरोघरी फोनवर एकच सूचना येते: आपले स्टोरेज भरत आले आहे. मग दोनच गोष्टी होतात. कुणी घाबरून जे बटण समोर दिसेल ते दाबतो आणि दरमहा पैसे कटू लागतात. कुणी सूचना बाजूला सारतो आणि विसरतो. दोन्हींत नुकसान आहे, दुसऱ्यात अधिक.

गुगल प्रत्येक खात्याला १५ जीबी जागा मोफत देते. ही जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहे. १ जून २०२१ पूर्वी थोडे लहान केलेले फोटो या हिशेबात धरले जात नव्हते. त्या दिवसापासून ते धरले जाऊ लागले. अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही २०२४ पासून याच १५ जीबीत मोजला जातो. म्हणजे खोली तेवढीच राहिली आणि सामान दुप्पट झाले. फोनने काढलेला एक फोटो तीन एमबीचा धरला, तर १५ जीबीत सुमारे पाच हजार फोटो बसतात. ऐकायला पुष्कळ वाटते. पण व्हिडिओ एका मिनिटाला साधारण शंभर एमबी खातो. अडीच तासांत सगळी जागा संपली! एका निकाहाचे आणि वलीम्याचे चित्रण घरातल्या तीन मुलांनी केले, तर तेवढ्यात खोली भरते.

जागा पूर्ण भरली की नवे फोटो चढत नाहीत, हे लोकांना कळते. जे कळत नाही ते असे, की त्या खात्यावर ईमेल येणे-जाणेही बंद पडू शकते. मुलीने इंजिनिअरिंगचा किंवा नर्सिंगचा अर्ज भरला, त्यात अब्बांचा ईमेल दिला, आणि अब्बांचे खाते सुप्रभातच्या गुलाबांनी व जुम्मा मुबारकच्या व्हिडिओंनी भरलेले. कॉलेजने पाठवलेला मेल परत गेला तर कळवणार कोण? म्हणून ही बाब केवळ शे-सव्वाशे रुपयांची नाही. जागा भरलेल्या अवस्थेत खाते दोन वर्षे पडून राहिले, तर त्यातील मजकूर काढून टाकण्याचा अधिकारही कंपनीने आपल्याकडे ठेवला आहे.

आधी झाडू, मग भाडे

आमचे मत स्पष्ट आहे: खोलीत काय भरले आहे ते पाहिल्याशिवाय मोठी खोली भाड्याने घेऊ नये. वाहत्या पाण्यावर बसून वुजू करतानाही पाणी जपून वापरावे, ही शिकवण आपल्याला दिलेली आहे. इसराफ फक्त दस्तरखानावर होत नाही.

सुरुवात व्हॉट्सॲपपासून करावी. सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आणि त्यात 'मॅनेज स्टोरेज' आहे. कोणत्या ग्रुपने किती जागा खाल्ली ते तिथे क्रमाने दिसते. बहुतेक घरांत वरचे दोन-तीन ग्रुप काढले की काम फत्ते होते. बॅकअपमध्ये व्हिडिओ घ्यायचे की नाही, याचे वेगळे बटण आहे. ते बंद केले तर बॅकअप निम्म्याहून लहान होतो, असा बऱ्याच घरांचा अनुभव आहे. जीमेलमध्ये शोधाच्या चौकटीत मोठ्या जोडण्या असलेले मेल शोधता येतात. आणि कचरापेटी रिकामी करायला विसरू नये. काढलेला फोटो गुगल फोटोच्या पेटीत साठ दिवसांपर्यंत आणि मेल तीस दिवस पडून राहतो, तोवर तो जागा व्यापतच असतो.

इथे एक सावधगिरी. गुगल फोटोमध्ये जाऊन फोटो 'डिलीट' केला तर तो फोनमधूनही जातो, कारण दोन्हीकडे तो एकच मानला जातो. फोन हलका करायचा असेल तर 'फ्री अप स्पेस' हे वेगळे बटण आहे. ते फक्त फोनमधली प्रत काढते. दादीजानचे फोटो या एका गैरसमजातून कायमचे जाऊ शकतात. काही काढण्याआधी जपायचे ते दुसरीकडे उतरवून घ्यावे, पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर. मात्र एकट्या हार्ड डिस्कवर विसंबू नये. ती पडते, बिघडते, चोरीला जाते. मोजक्या मोलाच्या वस्तूंच्या दोन प्रती दोन ठिकाणी असाव्यात.

इतके करूनही जागा पुरत नसेल तर पैसे भरण्यात काही गैर नाही. गुगलची १०० जीबीची योजना भारतात दरमहा १३० रुपयांना आणि वर्षाचे एकदम भरल्यास १,३०० रुपयांना मिळत आली आहे. बारा महिन्यांचे १,५६०, म्हणजे वर्षाचे भरण्यात २६० रुपये वाचतात. ज्या घराचा पैसा सोयाबीन विकल्यावर हाती येतो, त्यांनी तेव्हाच वर्षाचे भरून टाकावे. आणखी एक सोय फार थोड्या घरांना ठाऊक आहे. एकाने घेतलेली जागा कुटुंबातील आणखी पाच जणांना वाटून देता येते. वाटली जाते ती जागा. एकाचे फोटो दुसऱ्याला दिसत नाहीत, त्यामुळे पर्द्याची किंवा खासगीपणाची अडचण येत नाही. एका घरात तिघांनी वेगवेगळे १३० भरले तर वर्षाला ४,६८० रुपये जातात. एकाच योजनेत तेच काम १,३०० मध्ये होते.

कुरआनातील सर्वांत मोठी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. रक्कम, मुदत आणि साक्षीदार यांची इतकी काळजी घेण्याचा आदेश ज्यांना आहे, त्या घरांत 'ऑटोपे'ला संमती मात्र अंगठ्याच्या एका टेकीत दिली जाते. पहिला महिना मोफत म्हणून सुरू केलेली योजना दुसऱ्या महिन्यापासून आपोआप पैसे कापते. फोनमधून ॲप काढून टाकले म्हणजे योजना बंद झाली, असे होत नाही. ती प्ले स्टोअरच्या 'सबस्क्रिप्शन्स'मध्ये जाऊन रद्द करावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून अशी आपोआप रक्कम कापण्याच्या किमान चोवीस तास आधी ग्राहकाला कळवणे बंधनकारक आहे. तो संदेश वाचावा. यूपीआयवर दिलेल्या परवानग्या ॲपमधील 'ऑटोपे' या भागात एकत्र दिसतात, तिथून त्या थांबवता येतात. सुरू करणे सोपे आणि बंद करणे मुद्दाम अवघड ठेवणे, याला केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अनुचित प्रकार ठरवले आहे. असे झाल्यास ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

मुलाने सर्व्हर घेतला आहे?

वाशीमची मुले पुणे, नागपूर, अमरावतीत संगणकशास्त्र शिकत आहेत. प्रोजेक्टसाठी ती ॲमेझॉन, गुगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या क्लाऊडवर सर्व्हर भाड्याने घेतात. खाते उघडताना कार्ड मागितले जाते, आणि ते बहुधा अब्बांचे असते. इथला हिशेब फोटोच्या जागेसारखा ठरावीक नसतो. तो महावितरणच्या बिलासारखा असतो, आणि ज्याला लाइट बिल वाचता येते त्याला हे बिलही वाचता येईल.

सर्व्हर जितका वेळ चालू, तितके मीटर फिरते. हा झाला वीज आकार. प्रोजेक्ट सादर झाला, मुलगा ईदला घरी आला, सर्व्हर मात्र चालूच राहिला, तर मीटरही चालूच राहते. बंद केला तरी त्याला जोडलेल्या डिस्कचे पैसे लागतात, मोटार बंद असली तरी स्थिर आकार लागतो तसे. त्या सर्व्हरचा इंटरनेटवरील पत्ताही फुकट नाही. ॲमेझॉनने १ फेब्रुवारी २०२४ पासून अशा प्रत्येक पत्त्याला तासाला अर्धा सेंट लावला आहे, महिन्याचे साडेतीन डॉलरहून थोडे अधिक. आणि बिलातल्या वहन आकाराचा भाऊही इथे आहे: क्लाऊडमध्ये माहिती चढवताना सहसा पैसे पडत नाहीत, बाहेर काढताना पडतात. आत जाणे मोफत, बाहेर येणे विकत. मोठ्या कंपन्यांची बिलेही याच कलमाने फुगतात.

खाते उघडल्याबरोबर 'बजेट'ची सूचना लावून घ्यावी, ती अब्बांच्या ईमेलवरही यावी. पण ही सूचना फक्त कळवते. खर्च आपोआप थांबवत नाही. थांबवायचे ते मुलानेच, सर्व्हर आणि डिस्क दोन्ही काढून. क्रेडिट कार्ड तर देऊच नये. बिल वेळेत भरले गेले नाही तर त्यावर व्याज चढते, आणि त्या दारात पाऊल न टाकलेलेच बरे. मायक्रोसॉफ्टची विद्यार्थ्यांसाठीची योजना कार्डाशिवाय मिळते. साध्या वेबसाइटसाठी तर सर्व्हरची गरजच नसते.

मरहूमच्या फोनचे काय?

दोन वर्षे कुणी वापरलेच नाही असे वैयक्तिक खाते गुगल पूर्ण काढून टाकू शकते. ही कारवाई डिसेंबर २०२३ पासून सुरू झाली. घरातील कर्ता माणूस जातो. फोन कपाटात राहतो. पासवर्ड कुणाला ठाऊक नसतो. त्या खात्यात केवळ फोटो नसतात. कुणाचे किती देणे, कुणाकडून किती येणे, शेताच्या मोजणीचा कागद, कुणाची अमानत ठेवलेली, हे सारे हल्ली तिथेच असते. मरहूमचे कर्ज फेडल्याशिवाय वारसांत वाटणी होत नाही. मग कर्जाची यादीच बंद खोलीत राहिली तर वारसांनी काय करायचे? आणि त्या खोलीचे भाडे बँक खात्यातून कटत असेल, तर तेही खाते गोठवले की थांबते आणि जागा भरलेलीच राहते.

गुगलमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय आहे. खाते इतके महिने वापरले गेले नाही तर अमुक माणसाला कळवा आणि त्याला एवढी माहिती उतरवू द्या, असे हयातीतच नोंदवून ठेवता येते. दहा मिनिटांचे काम आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. वारसाचे नाव ठरवताना घरात बसून बोलावे लागते, तेवढेच काय ते जड जाते. वसीयतीचा विषय आपण नेहमीच पुढे ढकलतो.

सरकारी कागदांसाठी तर भाड्याच्या खोलीची गरजही नाही. २०१५ पासून सुरू असलेले डिजिलॉकर मोफत आहे. आधार, वाहन परवाना, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका त्यात थेट देणाऱ्या कार्यालयाकडून येतात आणि कायद्याने मूळ कागदासारख्या मानल्या जातात.

उरतात ते मशीद, मदरसा आणि कब्रस्तानचे कागद. उमीद पोर्टलवर वक्फ मालमत्तांची नोंदणी जून २०२५ पासून सुरू झाली, तेव्हा ठिकठिकाणी जुने दस्त स्कॅन झाले. ते स्कॅन बहुधा कमिटीतल्या एखाद्या तरुणाच्या स्वतःच्या जीमेलमध्ये पडून राहतात, त्याच्या क्रिकेटच्या व्हिडिओंशेजारी. कमिटीच्या नावाने वेगळे खाते काढावे. कागद तेवढेच ठेवले तर १५ जीबी अनेक वर्षे पुरतात. पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव अशा दोघांकडे लिहून असावा, आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर कमिटीच्या कपाटात. वर्षातून दोनदा कुणीतरी ते खाते उघडून पाहावे. रमजानपूर्वी हिशेब मांडायला बसतात, त्याच बैठकीत हेही उरकता येते.