श्रमलेल्या देहासाठी संथ गती : ताई ची आणि चंक्रमण

मौदा परिसर धानाचा. रोवणीच्या दिवसांत आमच्या आयाबहिणी चिखलात दिवसभर कंबरेत वाकून राबतात. घरोघरी विड्या वळणाऱ्या हातांनीही या भागातील अनेक मुलांच्या शिक्षणाचा भार उचलला आहे. अशा समाजापुढे व्यायामाचा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो : जन्मभर राबलेल्या शरीराला आणखी व्यायाम कशाला? प्रश्न रास्त आहे. ताई ची या चिनी व्यायामपद्धतीचा परिचय करून देताना त्याचेच उत्तर शोधण्याचा आमचा प्रयत्न आहे.

या पद्धतीचे पूर्ण नाव ताई ची चुआन. ‘ताई ची’ म्हणजे परमतत्त्व आणि ‘चुआन’ म्हणजे मुष्टी. मुळात ही युद्धविद्या. तिचा उगम सतराव्या शतकात, चीनच्या हेनान प्रांतातील चेन कुळाच्या गावी झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. दीर्घकाळ ती त्या कुळापुरतीच राहिली. एकोणिसाव्या शतकात यांग लु-चान या कुळाबाहेरच्या माणसाने ती आत्मसात करून बीजिंगपर्यंत नेली. 1956 साली, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, चीनच्या क्रीडा आयोगाने सामान्य जनतेसाठी 24 हालचालींचा सुलभ संच तयार केला. 2020 मध्ये युनेस्कोने तिचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात समावेश केला. एका कुळाच्या भिंतीआड असलेली विद्या सर्वांची झाली, हा तिचा इतिहास आपल्याला विशेष जवळचा वाटावा.

तिच्यामागील विचार यिन आणि यांग या जोडीवर उभा आहे. विश्रांती आणि गती, मृदू आणि कठोर हे एकमेकांचे शत्रू नसून एकातून दुसरे सतत उदयास येते, असे हे तत्त्व सांगते. साधकाला ते आपल्या पायांतच अनुभवता येते. भार डाव्या पायावर गेला की तो भरीव आणि उजवा पोकळ. पुढच्या पावलाला हेच उलटते. कोणतीही अवस्था टिकत नाही, हे शरीर स्वतःच शिकते. येथे अनित्यतेची आठवण होणे स्वाभाविक आहे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने दोन परंपरांची सरमिसळ करू नये. ताई चीवर मुख्य प्रभाव ताओ विचाराचा आहे. ती तथागतांनी सांगितलेली साधना नव्हे.

बौद्ध परंपरेत तिच्या जवळचे काही असेल तर ते चंक्रमण, म्हणजे सजगपणे येरझारा घालणे. अंगुत्तर निकायातील चंकम सुत्तात त्याचे पाच लाभ सांगितले आहेत : लांबचा प्रवास झेपतो, प्रयत्नांची क्षमता वाढते, आरोग्य राहते, अन्न नीट पचते आणि चालताना साधलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. पाचांपैकी बहुतेक लाभ देहाचे आहेत, हे लक्षणीय आहे. बोधगयेच्या महाविहाराशेजारी चंक्रमणस्थान आजही दाखवले जाते. नागपूर–कामठी मार्गावरील नागलोकच्या प्रांगणातील बुद्धमूर्तीही चालत्या अवस्थेतील आहे.

परंपरेने सांगितले म्हणून स्वीकारू नये, तपासून स्वीकारावे, ही कालाम सुत्ताची शिकवण ताई चीलाही लागू होते. शरीरात एक अदृश्य प्राणशक्ती वाहते, या कल्पनेला वैज्ञानिक आधार मिळालेला नाही. मात्र हालचालींचे परिणाम तपासले गेले आहेत. कॉक्रेन संस्थेच्या 2019 च्या आढाव्यानुसार ताई चीमुळे वृद्धांचे पडण्याचे प्रमाण सुमारे एक पंचमांशाने घटू शकते. अमेरिकेत 195 पार्किन्सन रुग्णांवर झालेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवड्यातून दोनदा, 24 आठवडे ताई ची करणाऱ्यांचा तोल सुधारल्याचे दिसले. गुडघ्यांच्या संधिवातातही वेदना कमी होण्यास तिची मदत होते. यामागचे कारण सोपे आहे. गुडघे किंचित वाकवून, एकेका पायावर सावकाश भार घेतल्याने मांड्यांचे स्नायू बळकट होतात, घोट्यांची तोल सांभाळण्याची जाणीव तीव्र होते आणि पडण्याची भीती ओसरते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. श्रम आणि व्यायाम यांत फरक आहे. रोवणीत कंबर तासन्‌तास एकाच दिशेने वाकते, विडी वळताना मान एकाच बाजूला झुकते. थकवा आला तरी थांबणे आपल्या हाती नसते. आमच्या पूर्वजांच्या बाबतीत तर देहाची गतीही गावगाड्याने ठरवली. सांगावा आला की धावायचे, वेठ पडली की राबायचे. महार वतनाच्या या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले होते. ताई चीत आणि चंक्रमणात याच्या नेमके उलट घडते. डावी-उजवी बाजू समतोल वापरली जाते, वेग आपणच ठरवतो आणि लक्ष कोणाच्या हुकमाकडे नसून स्वतःच्या पावलाकडे असते. म्हणूनच राबलेल्या देहाला या संथ गतीची अधिक गरज आहे.

प्रारंभासाठी घराचे अंगण पुरे. पाठ सरळ ठेवून, खांदे सैल सोडून उभे राहावे. संपूर्ण भार एका पायावर घ्यावा, दुसरा पाय हलका झाल्यावरच पुढे टाकावा. आधी टाच, मग तळवा, मग भार. गुडघा नेहमी पायाच्या बोटांच्या दिशेने राहू द्यावा, श्वास रोखू नये. तोल जात असल्यास शेजारी खुर्ची ठेवावी. गुडघे दुखत असतील तर कमी वाकावे. चालू असलेली औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. पुढे जाणकार शिक्षक मिळाल्यास 24 हालचालींचा संच शिकता येईल.

आमच्या माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. सुटीत घरी गेल्यावर रोज पंधरा मिनिटे आईवडिलांसोबत अशी पावले टाकावीत. त्यांनी वाकून सोसले म्हणून आपण फळ्यासमोर ताठ बसू शकलो. उतारवयात त्यांना कोणाच्या आधाराविना विहारापर्यंत चालत जाता यावे, एवढे तरी आपण पाहिले पाहिजे.