व्हिडिओ उतरवून घेताना

मोबाईलवर आवडलेला व्हिडिओ डाउनलोड करून ठेवणे हा गुन्हा आहे काय, असा प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यात येतो.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम खासगी उपयोगापुरत्या वाजवी वापरास मुभा देते. परंतु दुसऱ्याचा व्हिडिओ आपल्या नावाने पुन्हा प्रसिद्ध करणे अथवा विकणे या मुभेत बसत नाही. जाणूनबुजून केलेल्या अशा उल्लंघनास ६३ व्या कलमान्वये ६ महिने ते ३ वर्षे कैद व ५०,००० ते २,००,००० रुपये दंड सांगितला आहे. आर्थिक लाभाचा हेतू नसल्यास न्यायालय शिक्षा कमी करू शकते. शिवाय यूट्यूबच्या अटींप्रमाणे परवानगीवाचून डाउनलोड करता येत नाही. म्हणून त्याच्याच ॲपमधील डाउनलोडची सोय जेथे असेल तेथे तीच वापरावी, हे इष्ट.

कायद्याहून जवळचा धोका मात्र निराळाच आहे. फुकट डाउनलोडचे आमिष दाखविणारी अनोळखी एपीके फाइल मोबाईलमध्ये घेतली व तिला एसएमएस वाचण्याची परवानगी दिली, की बँकेचा ओटीपी चोराच्या हाती जाऊ शकतो. व्हिडिओ उतरविणाऱ्या ॲपास आमचे संदेश वाचण्याचे प्रयोजनच काय, हा प्रश्न घरातील मुलामाणसांनी परवानगी देण्यापूर्वीच विचारावा. इतके करूनही पैसे गेलेच, तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. विलंब झाल्यास पैसे थोपविणे कठीण होते.

व्हिडिओत दुसऱ्याचे श्रम असतात, बँकेत आपले. दोहोंची राखण करणे हे प्रत्येक कुटुंबाचे कर्तव्य होय.