आपली गाडी, आपला खर्च (भाग ९) : टर्बो गेला, पण कशामुळे?

इंजेक्टरनंतर डिझेल गाडीच्या मालकाला सर्वांत जास्त धास्ती असते ती टर्बोची. घाटात गाडी ओढेनाशी होते, मागून काळा धूर येतो, बॉनेटखालून शिट्टी ऐकू येते आणि गॅरेजमध्ये पाऊल ठेवताच कानावर पडतं, ‘टर्बो गेला.’ या दोन शब्दांवर अनेक घरांतला महिन्याचा पगार खर्ची पडतो. हे वाक्य तपासणी पूर्ण झाल्यावरच उच्चारलं जावं, असं माझं ठाम मत आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चाक फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चाक बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात ढकलतं. लहान कारच्या टर्बोचा हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. बहुतेक गाड्यांत तो इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तो थर तुटला की धातूवर धातू घासतो आणि काही क्षणांत खेळ आटोपतो. त्यामुळे टर्बो आपणहून क्वचितच मरतो. ऑइल वेळेवर न बदलणं, ऑइलच्या नळीत काजळी साचणं, एअर फिल्टर फाटून धूळ किंवा खडा आत जाणं, घाट चढून आल्या आल्या तापलेली गाडी झटकन बंद करणं, यांतलं काहीतरी त्याच्या जिवावर उठलेलं असतं.

उदाहरणासाठी १.३ मल्टिजेट घेऊ. १२४८ सीसीचं हे मूळ फियाटचं इंजिन आपल्याकडे रांजणगाव आणि मानेसरला बनत होतं. स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा, पुंटो, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत ते बसलं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू झालं, मारुतीनं डिझेल सोडलं आणि या इंजिनाचं पर्व संपलं. आज त्या गाड्या बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत, आणि आधीच्या मालकानं ऑइल कधी बदललं हे कुणालाच ठाऊक नसतं. ७५ हॉर्सपॉवरच्या इंजिनात साधा टर्बो, तर ९० च्या इंजिनात पाती हलणारा, म्हणजे व्हीजीटी. बिघाड शोधताना हा फरक कामाला येतो.

गॅरेजवाला स्कॅनर लावतो आणि पी ०२९९ हा कोड दाखवतो. या कोडचा अर्थ एवढाच, की इंजिनानं मागितलं तेवढं हवेचं प्रेशर मिळालं नाही. दोषी कोण, हे तो सांगत नाही. म्हणून सुरुवात सर्वांत स्वस्त जागेपासून करायची. आधी एअर फिल्टर पाहा. मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत जाणारे रबरी पाइप हातानं चाचपा. चीर बहुतेक वेळा खालच्या अंगाला, क्लॅम्पजवळ असते आणि वरून दिसत नाही. बाहेरून ऑइलनं ओला झालेला सांधा म्हणजे हवा तिथूनच निसटते आहे. पाइप फाटला तरी पिकअप जातो, काळा धूर येतो, शिट्टीही ऐकू येते. लक्षणं हुबेहूब गेलेल्या टर्बोची आणि इलाज मात्र एका पाइपचा. व्हीजीटी असेल तर व्हॅक्यूमची बारीक नळी तडकलेली किंवा पाती काजळीनं अडकलेली असू शकतात. पाती साफ करून मोकळी करता येतात. उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्हही असाच चकवा देतो.

एवढं सगळं ठीक निघालं तरच टर्बोला हात लावायचा. इंजिन पूर्ण थंड असताना हवेचा पाइप काढून चाक बोटानं हलवून पाहायचं. आडवा अगदी किंचित प्ले चालतो. दांडा पुढे-मागे सरकतोय असं बोटाला जाणवलं, पाती घराला घासल्याच्या खुणा दिसल्या किंवा एखादं पातं तुटलेलं असलं, तर टर्बो खरोखर गेला. हे मालकानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. पाइपमध्ये ऑइलचा पातळ थर दिसला म्हणून घाबरू नका. तो ब्रीदरमधूनही येतो.

निळा धूर येत असेल तर आणखी एक पाहणी हवी. इंजिन सुरू ठेवून ऑइल भरायचं झाकण जपून सैल करा. खालून जोरात भपकारे आले तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असण्याची शक्यता मोठी. इंजिनात असा दाब साचला की टर्बोतलं ऑइल खाली उतरत नाही आणि चांगला टर्बोही गळू लागतो. अशा इंजिनावर नवा टर्बो बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

एक धोका मात्र गंभीर आहे. टर्बोचं सील फुटून ऑइल इंजिनात जाऊ लागलं, तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच धावू लागतं. रेस आपोआप वाढते, पांढऱ्या-निळ्या धुराचे लोट उठतात आणि चावी काढूनही इंजिन थांबत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडा. इंजिन दबून बंद पडतं. बॉनेट उघडून आत हात घालू नका. निळा धूर आणि झपाट्यानं घटणारं ऑइल दिसलं, तर गाडी टो करूनच न्या.

आता पैशांचं. टर्बो खरंच गेला असला तरी पूर्ण नवाच घ्यावा लागतो असं नाही. बाहेरची घरं शाबूत असतील तर मधला गाभा, ज्याला बाजारात कोअर म्हणतात, तेवढाच बदलता येतो आणि खर्च बराच खाली येतो. अट एकच : तो मशीनवर बॅलन्स केलेला असावा आणि त्याचा रिपोर्ट हातात मिळावा. भंगारातून काढलेला जुना टर्बो मी कुणालाच सुचवणार नाही, कारण त्यानं आधी कसलं ऑइल प्यायलंय हे कळायला मार्ग नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. अंदाजपत्रकात तो तसाच लावलाय ना, ते बघा. साधा मोटार विमा झिजेचा खर्च देत नाही, वाढीव वॉरंटी असेल तर तिचे कागद वाचून पाहा. आणि गाडी विकून येणाऱ्या रकमेचा मोठा हिस्सा दुरुस्तीतच जाणार असेल, तर कर्ज काढून ती करू नका.

जिथे काटकसर नडते ती जागा म्हणजे बसवणी. ऑइल आणि फिल्टर नवा, टर्बोला ऑइल नेणारी नळी नवी, परतीची नळी मोकळी, इंटरकूलरमधलं साचलेलं ऑइल रिकामं, आणि सुरू करण्याआधी टर्बोत ताजं ऑइल भरलेलं. जुनी चोंदलेली नळी तशीच ठेवली तर नवा टर्बोही थोड्याच दिवसांत त्याच वाटेनं जातो आणि वॉरंटीही नाकारली जाते.

म्हणून पैसे देण्यापूर्वी दोन गोष्टी मागून घ्या : काढलेला जुना टर्बो, आणि तो कशामुळे गेला हे बिलावर लिहून. कारण लिहून द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडे टर्बो बदलू नका.

(पुढच्या भागात : ईजीआर व्हॉल्व्हची सफाई)