नेटवर्कवरील प्रिंटर आणि जुने संगणक : दोष शोधण्याची क्रमवार रीत

शाळेच्या कार्यालयातील प्रिंटर बंद पडला म्हणजे केवळ एक यंत्र थांबते असे नाही. दुसऱ्या गावी जाणाऱ्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, शिष्यवृत्तीच्या अर्जास जोडावयाचे बोनाफाईड प्रमाणपत्र, केंद्रशाळेकडे पाठवावयाची माहिती, ही सर्व कामे त्याजबरोबर अडून राहतात. दाखल्यासाठी आलेला पालक पुष्कळदा त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेला असतो. ‘उद्या या’ असे सांगणे म्हणजे त्याची दुसऱ्या दिवसाचीही मजुरी बुडविणे होय. कागदपत्रे पेन ड्राइव्हवर घालून तालुक्याच्या दुकानात छापून आणावीत, तर मुलांच्या जन्मतारखा व आधार क्रमांक परक्या संगणकावर राहून जाण्याचा संभव असतो. यास्तव शिक्षकाने प्रिंटरचे साधे दोष स्वतः ओळखण्यास शिकणे इष्ट आहे.

प्रिंटर चालेनासा झाला की ‘संगणक जुना झाला’ असा निष्कर्ष पुष्कळदा घाईने काढला जातो. वस्तुतः दोष अनेक वेळा संगणकात नसून संगणकापासून प्रिंटरपर्यंतच्या वाटेत असतो. ही वाट टपालाच्या उदाहरणाने चटकन समजते. लिहिलेले पत्र म्हणजे आपला मजकूर. तो मजकूर प्रिंटरला समजेल अशा भाषेत उतरविणारा कार्यक्रम म्हणजे ड्रायव्हर. पत्रे ओळीने लावून धरणारा टपालघरातील कारकून म्हणजे स्पूलर. पाकिटावरील पत्ता म्हणजे पोर्टमध्ये नोंदलेला प्रिंटरचा आयपी क्रमांक. आणि टपालाचा रस्ता म्हणजे केबल, वाय-फाय व राउटर. पत्र पोहोचले नाही तर यांपैकी कोठे अडले ते पाहावयाचे. हा शोध प्रिंटरकडून संगणकाकडे, म्हणजे उलट दिशेने करावा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. एकदम चार गोष्टी बदलल्यास कोणत्या उपायाने गुण आला हे कळत नाही.

पहिली पायरी प्रिंटरची. कागद, शाई व अडकलेला कागद पाहून झाल्यावर प्रिंटरच्या स्वतःच्या बटनांवरून त्याचे माहितीपत्रक छापावे. नेटवर्कवर चालणाऱ्या बहुतेक प्रिंटरांत ही सोय असते. हे पत्रक नीट उमटले तर छपाईचे यंत्र ठीक आहे असे ठरते. शिवाय प्रिंटरचा आजचा आयपी क्रमांक त्यावरच लिहिलेला असतो. तो १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर प्रिंटरला राउटरकडून क्रमांक मिळालेलाच नाही असे समजावे व केबल किंवा वाय-फायची जोडणी तपासावी.

दुसरी पायरी रस्त्याची. संगणकावर ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून ‘पिंग’ हा शब्द, थोडी जागा सोडून तो आयपी क्रमांक, असे टंकित करावे. विंडोज प्रणालीत चार वेळा हाक दिली जाते. प्रिंटरच्या क्रमांकाकडून उत्तर आले तर रस्ता मोकळा आहे. मात्र ‘अनरीचेबल’ असे शब्द दिसले तर ते उत्तर नव्हे. संगणक स्वतःच ‘पत्ता सापडला नाही’ असे सांगत असतो. अशा वेळी संगणक व प्रिंटर एकाच राउटरला जोडलेले आहेत ना, हे प्रथम पाहावे.

तिसरी पायरी पत्त्याची. खेड्यातील शाळांनी हिच्याकडे विशेष लक्ष द्यावे. राउटर हा जोडलेल्या प्रत्येक यंत्रास तात्पुरता क्रमांक वाटून देत असतो. वीज जाऊन पुन्हा आली की प्रिंटरला निराळा क्रमांक मिळू शकतो. संगणकाच्या पोर्टमध्ये मात्र जुनाच क्रमांक राहतो. बिऱ्हाड बदलले आणि पत्रे जुन्या घरी जात राहिली, असा हा प्रकार होय. ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मधील ‘पोर्ट्स’ या भागात नोंदलेला क्रमांक माहितीपत्रकाशी ताडून पाहावा व भिन्न असल्यास दुरुस्त करावा. हाच दोष पुनःपुन्हा उद्भवू नये म्हणून राउटरमध्ये त्या प्रिंटरसाठी एक क्रमांक कायमचा राखून ठेवावा. क्रमांक बरोबर असून, पिंगला उत्तर मिळत असूनही प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसत असेल, तर ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’ ही खूण काढावी; तसेच पोर्टच्या मांडणीतील ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ ही खूण काढून पाहावी.

चौथी पायरी रांगेची. एखादे काम मध्येच अडकले की त्यामागील सर्व कामे खोळंबतात. ते रद्द होत नसेल तर ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ थांबवावा. विंडोजच्या ‘सिस्टम३२’ फोल्डरमधील ‘स्पूल’ व त्यातील ‘प्रिंटर्स’ या फोल्डरातील फाइली तेवढ्या पुसाव्यात, फोल्डर पुसू नये. नंतर स्पूलर पुन्हा सुरू करावा. यासाठी प्रशासकाचा अधिकार लागतो. रांगेतील सर्वच कामे यामुळे नाहीशी होतात, म्हणून सहकाऱ्यांस आधी कल्पना द्यावी.

पाचवी पायरी जुन्या संगणकाची. एका संगणकास प्रिंटर जोडून तो इतरांस वाटून देण्याची पद्धत अनेक कार्यालयांत होती. २०२१ मध्ये विंडोजच्या स्पूलरमध्ये गंभीर सुरक्षादोष आढळले. त्यानंतरच्या दुरुस्त्यांनी नियम कडक झाले, आणि नवा संगणक व दुरुस्ती न झालेला जुना संगणक यांच्यातील अशी वाटणी ठिकठिकाणी तुटली. शेवटी ‘११बी’ असलेला दोषसंकेत दिसल्यास कारण हेच समजावे. तो नियम शिथिल करण्याचे उपाय सांगितले जातात. परंतु त्याने दाराची कडी काढून ठेवल्यासारखे होते. प्रथम दोन्ही संगणकांच्या उपलब्ध दुरुस्त्या घालाव्यात. प्रिंटर स्वतः नेटवर्कला जोडता येत असेल, तर प्रत्येक संगणकावर त्याच्या आयपी क्रमांकाने थेट जोडणी करणे हा उत्तम मार्ग होय. ड्रायव्हर निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावा, आणि संगणक ३२ बिटांचा की ६४ बिटांचा हे आधी पाहावे.

प्रणालीच्या वयाचाही विचार अवश्य करावा. विंडोज ७ चा पाठिंबा १४ जानेवारी २०२० रोजी व विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. असे संगणक छपाई करू शकतात. परंतु सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नसलेल्या संगणकावर मुलांची माहिती साठविणे व इंटरनेटवर वावरणे टाळावे. संगणक छापतो आहे, एवढ्यावरून तो सुरक्षित आहे असे ठरत नाही.

प्रत्येक शाळेने प्रिंटरजवळ एक लहान नोंदवही ठेवावी. तीत प्रिंटरचे नाव, आयपी क्रमांक, ड्रायव्हरचे नाव, दोषाची तारीख, दिसलेला संदेश व केलेला उपाय यांची नोंद करावी; संकेतशब्द मात्र त्यात लिहू नयेत. शिक्षकांची बदली होते, नोंदवही शाळेतच राहते. नव्याने रुजू झालेल्या शिक्षकास पहिल्याच आठवड्यात दाखला द्यावयाचा झाल्यास, मागील शिक्षकाने लिहिलेली एक ओळ त्याचे व पालकाचे दोन्ही हेलपाटे वाचवू शकेल.